उभ्या गाडीतला ‘टण्ण’: पुढच्या शॉकअपच्या बेअरिंगचं दुखणं

पाऊस ओसरला की दोन गोष्टी हमखास होतात. वर्तमानपत्रांत खड्ड्यांचे फोटो छापून येतात आणि गॅरेजबाहेर गाड्या लागतात. गणपतीला कोकणात जाऊन आलेल्या गाड्यांचा त्यात मोठा भरणा. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं, आणि त्या रस्त्याच्या खड्ड्यांची बातमी गणपतीच्या तोंडावर अजून येतेच. परत आलेला माणूस मेकॅनिकला सांगतो, “पुढून आवाज येतोय.” मेकॅनिक विचारतो, “कसला?” आणि गाडी तिथेच अडते. टकटक, खडखड, धप्प आणि टण्ण ही चार वेगळी दुखणी आहेत. आपण सगळ्यांना मिळून ‘आवाज’ म्हणतो.

माझ्या गाडीचा ‘टण्ण’ होता. सकाळी सोसायटीच्या पार्किंगमधून गाडी काढताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की उजव्या चाकाच्या वरून यायचा, तंबोऱ्याची जाड तार ओढून सोडावी तसा. मोठ्या रस्त्याला लागलं की गप्प. एका गॅरेजने लिंक रॉड (सस्पेन्शनमधला एक जोडदांडा) बदलून दिली. फरक शून्य. दुसऱ्या खेपेला गाडी लिफ्टवर चढवली, चाकं हलवून पाहिली, स्टिअरिंग इकडून तिकडे फिरवलं. “साहेब, काहीच नाही हो.” गाडी खाली आली, गेटमधून बाहेर वळवली, टण्ण.

दोषी निघालं ते चहाच्या बशीहून लहान, काही शे रुपयांचं बेअरिंग. ते सापडायला तीन महिने लागले. ते का सापडत नाही, हे कळायला आधी ते बसतं कुठे हे पाहावं लागेल.

चाकाच्या वर काय असतं?

बॉनेट उघडा. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना, काचेच्या जरा पुढे, पत्र्याचे दोन गोल उंचवटे दिसतील. त्यावर दोन-तीन नट, आणि मधोमध एक मोठा नट किंवा रबरी टोपी. हे गाडीचे खांदे. काही गाड्यांत ते वायपरखालच्या प्लॅस्टिकच्या पट्टीआड दडलेले असतात.

या खांद्याखाली एक उभा खांब असतो, त्याला स्ट्रट म्हणतात. आपल्याकडे सगळे त्याला सरळ ‘पुढचा शॉकअप’ म्हणतात. त्यात शॉकअपची नळी असते आणि तिच्याभोवती जाड स्प्रिंग. खांबाचं खालचं टोक चाकाच्या नकलला, म्हणजे ज्यावर चाक बसतं त्या धातूच्या भागाला, दोन बोल्टांनी घट्ट बांधलेलं, वरचं टोक खांद्याला. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरने १९४०च्या दशकात ही जोडणी घडवली. १९५०मध्ये ब्रिटनमधल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांत ती आली. आपल्या रस्त्यांवर ती घराघरांत पोहोचवली १९८३च्या मारुती ८००ने. त्याआधीच्या पद्मिनी आणि ॲम्बेसेडरचं पुढचं सस्पेन्शन वेगळ्या घडणीचं होतं. आज तुमची हॅचबॅक असो की सेडान, पुढे बहुतेक हाच खांब आहे.

मॅकफर्सनच्या रचनेत भाग कमी, जागा कमी, खर्च कमी. पण एक मेख आहे. खांब नकलला घट्ट बांधलेला, म्हणजे चाक वळलं की स्प्रिंगसकट अख्खा खांब वळणार. आणि गाडीचा पत्रा तर वळणार नाही. म्हणजे वर, खांद्यापाशी, काहीतरी असं हवं जे गाडीचं वजनही पेलेल आणि वळूही देईल.

हंडा डोक्यावर घेताना मध्ये चुंबळ ठेवतात. खांद्याखाली तशीच एक रबराची चुंबळ असते, ती माउंटिंग. ती धक्के पिते, पण वळू देणं हे तिचं काम नाही. त्यासाठी तिच्या खाली किंवा पोटात बेअरिंग बसवतात. ताटात गोट्या पसरा, वर दुसरं ताट ठेवा, त्यावर गव्हाचा डबा ठेवा. डबा जड असला तरी एका बोटाने फिरेल. स्ट्रटचं बेअरिंग म्हणजे हीच दोन ताटं आणि गोट्या, फक्त बारीक, आणि कडेने रबरी सील लावून बंद केलेल्या.

बाईकवाल्यांना हे एका शब्दात सांगता येतं. हा कारचा कोनसेट, म्हणजे बाईकचं हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग.

एवढंसं बेअरिंग, मग झिजतं का?

हिशेब करून बघा. ९०० किलोच्या आसपासची हॅचबॅक, त्यातलं ६० टक्क्यांच्या जवळपास वजन पुढच्या चाकांवर. चाक, डिस्क, नकल यांचं वजन स्प्रिंगवर येत नाही, ते वजा केलं तरी एकेका बेअरिंगवर सव्वादोनशे-अडीचशे किलो कायम बसलेले असतात. गाडी पार्किंगमध्ये झोपलेली असतानासुद्धा. खड्ड्यात आपटली की त्या क्षणापुरता हा भार कैक पटींनी वाढतो.

आता खरी गंमत. चाकाचं बेअरिंग गरगर फिरतं, त्यामुळे त्यातलं ग्रीस सगळीकडे पसरत राहतं. स्ट्रटचं बेअरिंग आयुष्यात एकदाही पूर्ण फिरत नाही. चाक डावी-उजवीकडे जेवढं वळतं तेवढंच ते हलतं, आणि आपण बहुतेक वेळ सरळच चालवतो. म्हणजे गोळ्या त्याच जागी बसून त्याच जागी मार खातात. होता होता त्यांच्या बुडाखाली बारीक खळगे पडतात. कोनसेट गेलेल्या बाईकचं हँडल मधोमध ‘खट्’ करून अडकतं, ते याच कारणाने.

त्यात पाणी. पुढचं चाक रस्त्यावरचा सगळा चिखल थेट वर, मडगार्डच्या आत फेकतं. सील जुनं झालं, कडेने उचललं, की तो गाळ आत शिरतो, ग्रीस धुऊन नेतो, आणि गंज धरतो. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत हे आणखी लवकर होतं. त्यामुळे अमुक किलोमीटरला बदला असा आकडा याला लावता येत नाही. एकाच मॉडेलच्या दोन गाड्या, एक पुण्यातल्या डांबरी रस्त्यावर आणि एक उसाच्या फडात जाणारी, सारख्या कशा झिजतील?

टण्ण येतो कुठून?

ओला टॉवेल दोन हातांत धरून पिळा आणि एका हाताने एकदम सोडा. तो उलटा फिरतो. बेअरिंग अडलं की स्प्रिंगचं हेच होतं. खालचं टोक चाकाबरोबर वळतं, वरचं टोक जागचं हलत नाही, स्प्रिंग पिळत जाते. ताण एका मर्यादेबाहेर गेला की वरचं टोक झटक्यात सुटतं, आणि जाड पोलादी स्प्रिंग घंटेसारखी वाजते. तो टण्ण. काही गाड्यांत टण्णऐवजी गंजलेल्या बिजागरीसारखी कुरकुर येते, कारण स्प्रिंग एकदम न सुटता घासत घासत सुटते.

गाडी उचलली की दुखणं पळतं

माझे तीन महिने कुठे गेले ते इथे कळेल. लिफ्टवर गाडी चढवली की चाकं लोंबतात. बेअरिंगवरचा अडीचशे किलोंचा भार बराच कमी होतो. चाकाखाली जमिनीची पकडही नसते. बिघडलेलं बेअरिंगसुद्धा अशा वेळी गुपचूप फिरतं. गव्हाचा डबा उचलून घेतल्यावर गोट्या अडतायत का, हे कसं कळणार? लोअर आर्म, बॉल जॉइंट, टाय रॉड हे चाकाला खालून धरणारे आणि वळवणारे भाग तपासायला गाडी उचलावीच लागते. हे बेअरिंग तपासायला मात्र ती जमिनीवर, स्वतःच्या वजनावर उभी हवी.

तपासणी घरी होते. दोन माणसं पुरतात. मी रविवारी सकाळी मुलीला ड्रायव्हर सीटवर बसवलं. गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक पक्का, इंजिन चालू (बंद असलं तर पॉवर स्टिअरिंग मदत करत नाही). मी उजव्या चाकाजवळ उकिडवा बसलो आणि चाकाच्या वरच्या फटीतून बोटांची टोकं स्प्रिंगच्या वेढ्याला बाहेरून टेकवली. बाहेरूनच. दोन वेढ्यांच्या मध्ये बोट घालायचं नाही, गाडीखाली शिरायचं नाही.

“बाबा, फिरवू?”

“हळू. पूर्ण उजवीकडे, मग पूर्ण डावीकडे.”

चाक वळायला लागलं. स्प्रिंग हलली नाही. चाक आणखी वळलं, तरी बोटाखालचा वेढा ढिम्म. आणि मग एकदम तो बोटाखालून सटकला, पत्रा थरथरला, टण्ण. मुलगी काचेतून बघत म्हणाली, “हाच ना?” डाव्या बाजूला तोच प्रयोग केला तर स्प्रिंग चाकाबरोबर सलग फिरत होती, पण मधोमध किंचित दचकत होती. म्हणजे तीही रांगेत होती.

चांगल्या बेअरिंगची खूण हीच: स्प्रिंग चाकाबरोबर सलग फिरते. थांबून उडी मारत असेल तर बेअरिंग गेलं. दुसऱ्या माणसाने वर बॉनेटमध्ये खांद्यावर तळवा ठेवला तर तोच झटका तिथेही जाणवतो. मात्र खांद्यावरचा मधला नट फिरतो की नाही यावरून निकाल देऊ नका. काही गाड्यांत तो स्टिअरिंगबरोबर फिरतो, काहींत फिरत नाही. दोन्ही रचना बरोबर आहेत.

‘कशावरून हेच? ॲक्सल गेला असेल’

शंका रास्त आहे. वळताना आवाज म्हटलं की पहिलं नाव ॲक्सलच्या, म्हणजे इंजिनाची ताकद चाकाला पोचवणाऱ्या दांड्याच्या, जॉइंटचं निघतं. पण त्याचा आवाज चाक फिरतानाच येतो. वळणावर ॲक्सिलरेटर दिला की टक-टक-टक, आणि वेग वाढला की टकटकही वाढते. उभ्या गाडीत तो बोलत नाही. तेव्हा गाडी उभी ठेवून नुसतं स्टिअरिंग फिरवणं ही पहिली चाळणी. आवाज आला तर ॲक्सल निर्दोष सुटला.

लिंक रॉडची खडखड सरळ रस्त्यावर, बारीक खाचखळग्यांवर येते. तिला स्टिअरिंगशी देणंघेणं नसतं. लोअर आर्मचे बुश (रबरी बैठका) सैल झाले की ब्रेक मारताना किंवा गाडी उचल घेताना ‘धप्प’ होतं. माउंटिंगचं रबर फाटलं असेल तर स्पीडब्रेकरवरून उतरताना खांद्यात ठोका बसतो. हा ठोका आणि टण्ण एकत्र येऊ शकतात, कारण माउंटिंग आणि बेअरिंग शेजारीच नांदतात. उभ्या गाडीत टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंग रॅकसुद्धा आवाज करू शकतो, पण तो खालून येतो आणि स्प्रिंग मात्र सलग फिरते. म्हणून कानापेक्षा बोटावर विश्वास ठेवा. पत्र्यात आवाज पसरतो आणि कान चकतो.

‘आवाजच तर आहे, चालतेय की गाडी’

चालते, आणि बरेच दिवस चालते. उद्या चाक निखळेल अशी भीती घालणाऱ्याचं ऐकू नका. पण दुर्लक्षही करू नका, आणि त्याचं कारण आवाज नाही.

हात सोडून सायकल चालवली असेल तर आठवा, पुढचं चाक आपोआप सरळ राहतं. त्यात थोड्या तिरक्या बसवलेल्या फोर्कचाही वाटा असतो. कारमध्येही चाकाचा वळण्याचा अक्ष असाच मागे कललेला असतो. त्या कलाला कॅस्टर म्हणतात. वळण संपलं की स्टिअरिंग हातातून सरकत आपोआप मध्ये येतं, ती या कलाची करामत. वर बेअरिंग अडत असेल तर हे परतणं अडतं. वळणावरून बाहेर पडलात तरी स्टिअरिंग थोडं वळलेलंच राहतं, हाताने ओढून सरळ करावं लागतं. सरळ रस्त्यावर गाडी जरा डावीकडे जाते, तुम्ही सावरता, मग जरा उजवीकडे. घाटात, पावसात, समोरून एसटी येत असताना हे काय असतं ते चालवणाऱ्याला विचारा.

पॉवर स्टिअरिंगमुळे हे उशिरा कळतं. जड वळण मोटर सोसते, आपल्या हाताला पत्ता लागत नाही. आणि फारच ताणलं तर बेअरिंगचे तुकडे होतात, स्प्रिंगची वरची बैठक घासायला लागते, माउंटिंगही जातं. काही शे रुपयांचं काम काही हजारांवर जातं.

‘वरून थोडं ग्रीस मारलं तर?’

मारून पाहिलंय. आठ दिवस बरं वाटलं. बेअरिंग बंद असतं, आत ग्रीस पोचायला वाटच नाही, आणि पोचलं तरी पडलेले खळगे भरून निघत नाहीत. शिवाय बाजारातले बरेचसे गंजाचे स्प्रे खनिज तेलाचे असतात. त्यांनी माउंटिंगचं रबर फुगून मऊ पडतं. एक दुखणं झाकायला दुसरं ओढवून घ्यायचं.

बदलताना काय काय होतं

बेअरिंग खांबाच्या टाळक्यावर असल्याने अख्खा खांब बाहेर काढावा लागतो. मजुरी बेअरिंगच्या किमतीपेक्षा जास्त होते ती यामुळेच. त्यावरून मेकॅनिकशी वाद घालण्यात अर्थ नाही.

गाडी उचलून स्टँडवर ठेवतात, चाक निघतं. खांबाला अडकवलेली ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर सोडवतात. लिंक रॉड सुटते. मग नकलचे दोन मोठे बोल्ट. जाणता माणूस ते सोडण्याआधी जागेवर खुणेची रेघ मारतो, म्हणजे चाकाचा कोन परत जवळपास तोच बसतो. बोल्ट निघाले की नकल बाहेरच्या बाजूला कोसळू पाहते. तिला तारेने किंवा दोरीने बांधून ठेवलं पाहिजे, नाहीतर ब्रेकची नळी ताणली जाते आणि ॲक्सलचा आतला जॉइंट निसटू शकतो. शेवटी खांद्यावरचे नट काढले की खांब हातात येतो.

मधला नट: इथे घाई नाही

आता खांबाच्या टोकावर फक्त एक नट उरतो. तो काढला की माउंटिंग आणि बेअरिंग सुटं होतं. पण त्याच नटाने ती दाबलेली स्प्रिंग धरून ठेवलेली असते. स्प्रिंग न आवळता तो नट सोडला तर माउंटिंग तोफेच्या गोळ्यासारखं उडतं. यात माणसं कायमची जायबंदी होतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून आधी स्प्रिंग कंप्रेसर लावून दोन्ही बाजूंनी सारखी आवळायची, वरची बैठक सैल झाली, हाताने हलते आहे हे बघायचं, आणि मगच नटाला हात लावायचा. त्या वेळी डोकं खांबाच्या रेषेत ठेवायचं नाही.

तपासणी घरी करा, उत्साह असेल तर खांब काढेपर्यंतही जा. पण स्प्रिंगचं काम भिंतीला किंवा टेबलाला पक्का बसवलेला कंप्रेसर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे न्या. भाड्याने आणलेल्या दोन हुकांच्या कंप्रेसरवर हे शिकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक. नट सोडताना आतला रॉड नटाबरोबर फिरायला लागतो. तो पकडीने धरणारे महाभाग आहेत. त्या चकचकीत रॉडवर एक ओरखडा पडला की तो शॉकअपचं ऑइल सील कापतो, आणि शॉकअप गळायला लागतो. रॉडच्या टोकाला एलन कीसाठी खाच किंवा पान्यासाठी चपट्या कडा असतात, त्या यासाठीच.

खांब उघडलाच आहे तर डस्ट कव्हर फाटलंय का, बंप स्टॉपचा (मोठा धक्का झेलणाऱ्या ठोकळ्याचा) भुगा झालाय का, स्प्रिंगला चीर आहे का, शॉकअपला तेल सुटलंय का, हे त्याच वेळी बघून घ्यायचं. नळीवर वरच्या बाजूला नुसता दमटसर डाग असेल तर तो गळका नव्हे. तेल ओघळत खाली आलं असेल, धूळ चिकटून चिखल झाला असेल, तर शॉकअप बदलावाच. “पूर्ण असेंब्लीच टाका” असा सल्ला मिळाला तर हा ओघळ दाखवा म्हणावं. ओघळ नसेल तर बेअरिंग आणि माउंटिंगवर भागतं.

‘आवाज एका बाजूला, मग खर्च दोन्ही बाजूंचा का?’

कारण दोन्ही बेअरिंगांनी तेच खड्डे, तोच पावसाळा सोसलाय. एक नवं, मऊ फिरणारं आणि एक जुनं, अडखळणारं असेल तर स्टिअरिंग परतताना रेंगाळतच राहील. माझ्या डाव्या बाजूला अजून आवाज नव्हता, पण बोटाने तिचं दचकणं सांगितलंच होतं. रबराची चुंबळही जुनी असेल तर बेअरिंगबरोबर तीही बदलून टाका. सुटा भाग महाग नाही, तिथवर पोचणं महाग आहे.

काम झालं आणि आवाज तसाच?

असं होतं, आणि दर वेळी नवीन बेअरिंग खराब असतं असं नाही. स्प्रिंगचं टोक बैठकीतल्या खाचेत बसलं नसेल तर ते वळताना सरकतं आणि हुबेहूब तोच टण्ण करतं. कित्येक बेअरिंगना वरची-खालची बाजू असते, ते उलटं बसलं तर चार दिवसांत चिरडतं. मधला नट सैल राहिला तर स्पीडब्रेकरवर ठोका येतो. नट-बोल्ट नुसत्या एअर गनने आवळून चालत नाही. कंपनीने दिलेल्या मापाला टॉर्क रेंचने आवळायला सांगा. शेवटी व्हील अलाइनमेंट करायचंच. नकलचे बोल्ट सुटले म्हणजे चाकाचा कोन हलला. खुणेची रेघ मारली असली तरी केसभर फरक राहतो, आणि तो केस टायर कापतो.

जुने भाग मागून घ्या. मी घेतले. उजवं बेअरिंग दोन तळव्यांत धरून फिरवलं तेव्हा वाळू भरडल्यासारखं कर्र वाजलं आणि विटकरी पाण्याचा थेंब मनगटावर ओघळला. नवं फिरवलं तर काही ऐकूच आलं नाही. दुसऱ्या दिवशी पार्किंगमधून गाडी काढताना सवयीने रेडिओ बंद केला, काच खाली घेतली आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं. वॉचमन झाडू थांबवून म्हणाला, “काय साहेब, आज वाजली नाही?”